तेरा चौरस किलोमीटरमध्ये डॉक्टर होताना

हा लेख दोन प्रकारच्या घरांसाठी आहे. एक घर महाराष्ट्रातलं. नीटचे गुण सरकारी कॉलेजला पुरले नाहीत, खासगी कॉलेजची फी झेपत नाही, आणि एक एजंट निळ्याशार समुद्राचं चित्र असलेलं चकचकीत माहितीपत्रक टेबलावर ठेवून गेलाय. दुसरं घर न्यू जर्सीतलं किंवा टोरांटोतलं. मुलगी तिथेच वाढलेली, पदवीला बरे गुण, पण मेडिकल स्कूलांनी लागोपाठ नकार कळवले. दोन्ही घरांत शेवटी चर्चा येते ती कॅरिबियनवर. या दोन घरांना द्यायचा सल्ला मात्र एक नाही. तो एकच असल्यासारखा सांगितला जातो आणि बहुतेक फसगती तिथेच सुरू होतात.

उदाहरण म्हणून साबा बेट घेते, कारण छोटं म्हणजे किती छोटं ते त्यावरून नीट कळतं. क्षेत्रफळ १३ चौरस किलोमीटर, वस्ती दोन हजारांच्या आसपास. समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीचा एक सुळका, बस्स. त्याचा माथा, माउंट सीनरी, सुमारे ८८० मीटर उंच, म्हणजे कळसूबाईच्या निम्म्याहून किंचित जास्त. तरीही नेदरलँड्सच्या राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण हेच, कारण साबा २०१० पासून त्या देशाची विशेष नगरपालिका आहे. बोलायला इंग्रजी, खर्चायला अमेरिकन डॉलर. द बॉटम नावाच्या गावात मेडिकल स्कूल आहे. १९९०च्या दशकापासून तिथे विद्यार्थी येतात, त्यातले बहुतेक अमेरिका-कॅनडातले.

अशा जागी मेडिकल स्कूल कशाला, हा प्रश्न पालकांनी जरूर विचारावा. त्याच्या उत्तरात सगळं येतं. ही पद्धत सत्तरच्या दशकात रुजली. १९७७ साली ग्रेनाडात सेंट जॉर्जेस विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले, पुढच्याच वर्षी डॉमिनिकाच्या रॉसची आणि माँटसेराटच्या अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ द कॅरिबियनची स्थापना झाली. अमेरिकेत जागा कमी, इच्छुक भरपूर. म्हणून पहिली दोनेक वर्षं बेटावर शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र हे विषय शिकवायचे आणि नंतर विद्यार्थ्याला अमेरिकेतल्या रुग्णालयांत रोटेशनला, म्हणजे विभागवार प्रत्यक्ष कामाला, पाठवायचं. बेटावर वर्ग भरवता येतो, मृतदेहावर डिसेक्शन शिकवता येतं. रुग्ण मात्र आणता येत नाहीत. साबाच्या बायकांना बाळंतपणासाठीसुद्धा शेजारच्या सेंट मार्टिनला जावं लागतं. जिथे बाळंतपणं होत नाहीत तिथे स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्र कसं शिकवणार?

आधी ठरवा, प्रॅक्टिस कुठे

महाराष्ट्रातल्या घराने इथे थांबून एक कागद वाचायचा आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने, म्हणजे एनएमसीने, १८ नोव्हेंबर २०२१ रोजी परदेशी पदवीधरांसाठी नियमावली काढली. भारतात परवाना हवा असेल तर परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, माध्यम इंग्रजी हवं, त्यानंतर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि त्या देशात तिथल्या नागरिकाप्रमाणे डॉक्टरकी करण्याची परवानगी मिळायला हवी. त्याच नियमावलीत असंही म्हटलंय की शिक्षणाचा वा इंटर्नशिपचा कुठलाही भाग, पदवी देणाऱ्या देशाखेरीज दुसऱ्या देशात झालेला चालणार नाही. शिवाय नीट पात्रता आधीच हवी, परतल्यावर भारतातली परीक्षा द्यायची, इथे पुन्हा वर्षभर इंटर्नशिप करायची, आणि प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत हे सारं उरकायचं. ओसीआय कार्ड असलेल्यांनाही नीटमधून सूट नाही.

आता हे कॅरिबियनच्या साच्याशी ताडून पाहा. चार वर्षांचा एमडी म्हणजे ४८ महिने. त्यातली शेवटची दोन वर्षं अमेरिकेत, म्हणजे पदवीच्या देशाबाहेर. नियमाच्या दोन अटी इथेच मोडल्या. साबासारख्या ठिकाणी शिकून थेट साताऱ्यात दवाखाना टाकता येईल असं कुणी सांगत असेल, तर त्याला ही नियमावली समोर धरून प्रत्येक कलम कसं पूर्ण होतं ते लिहून द्यायला सांगा. तोंडी उत्तर घेऊ नका. ‘प्री-मेड धरून साडेपाच वर्षं होतात’ हे नेहमीचं उत्तर. प्री-मेड म्हणजे मेडिकलच्या आधीची पायाभूत तयारी. ती वगळून महिने मोजा.

काही कॉलेजं सगळे ५४ महिने बेटावरच शिकवू म्हणतात. तिथे एकच विचारा: रुग्णालय कोणतं, खाटा किती, वर्षाला बाळंतपणं किती? आकडे सांगताना समोरचा माणूस घुटमळला तर तेच तुमचं उत्तर. आणि त्या देशाच्या मेडिकल कौन्सिलचं पत्र मागा, कॉलेजच्या लेटरहेडवरचं नव्हे.

माझं मत स्पष्ट आहे. बारावीनंतर भारतात परतायच्याच इराद्याने निघालेल्या मुलाने हा रस्ता धरू नये. अमेरिकेत राहायचा हक्क असलेल्या, पदवी झालेल्या मुलाने विचार जरूर करावा, पण डोळे उघडे ठेवून.

म्हणजे काय, तर आकड्यांचे छेद तपासून. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की आमचे नव्वद टक्क्यांहून अधिक विद्यार्थी ‘स्टेप वन’, म्हणजे अमेरिकेतल्या परवाना परीक्षेचा पहिला टप्पा, पहिल्या फटक्यात पास होतात. खरं असेल. पण परीक्षेला बसवलं कुणाला? बहुतेक ठिकाणी शेवटच्या सत्रात ‘कॉम्प’ म्हणून सर्व विषयांची एकत्र परीक्षा होते आणि ती उत्तीर्ण झाल्याशिवाय स्टेप वनला बसू देत नाहीत. कच्ची मुलं त्याआधीच गळालेली असतात. म्हणून प्रश्न असा करायचा: पहिल्या सत्रात शंभर आले, तर त्यांपैकी ठरलेल्या वेळेत पदवी किती जणांना मिळाली? रेसिडेन्सीचं, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाचंही तसंच. २०२४च्या मॅचमध्ये, म्हणजे या जागांच्या वार्षिक वाटपात, अमेरिकेतल्या एमडी विद्यार्थ्यांपैकी त्र्याण्णव-चौऱ्याण्णव टक्क्यांना जागा मिळाली. परदेशात शिकलेल्या अमेरिकन नागरिकांचं प्रमाण सदुसष्ट टक्क्यांच्या घरात, तर परदेशी नागरिकांचं साठच्याही खाली. हे टक्केसुद्धा फक्त शेवटपर्यंत टिकलेल्यांचे. २६ जानेवारी २०२२ पासून स्टेप वनमध्ये गुण मिळत नाहीत, फक्त पास किंवा नापास. त्यामुळे ‘स्टेप टू’चे गुण आता निवडीत फार वजनदार झालेत, आणि ते ठरतात रोटेशनच्या काळात.

रोटेशन कुठे मिळणार हे तर लेखी हवंच. रुग्णालयांतल्या या जागांसाठी पैसे मोजावे लागतात. सेंट जॉर्जेसने न्यू यॉर्कच्या सार्वजनिक रुग्णालयांशी दहा वर्षांसाठी दहा कोटी डॉलरपर्यंतचा करार केला होता, तेव्हा तिथे बराच गदारोळ झाला होता. न्यू यॉर्क राज्य आपल्या मान्यतेशिवाय बाहेरच्या कॉलेजच्या मुलांना तिथे लांब मुदतीची रोटेशन करू देत नाही. तुमच्या कॉलेजला ती मान्यता आहे का? कॉलेजचं मूल्यांकन कुणी केलंय? कॅरिबियनमध्ये कॅम-एचपी ही संस्था हे काम करते, साबाचं मूल्यांकन डच-फ्लेमिश संस्था एनव्हीएओ करते. या नावांपैकी काहीच ऐकू आलं नाही तर फॉर्म बाजूला ठेवा.

अमेरिकेतल्या घरांना पैशाबाबत एक नवी गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. पदव्युत्तर शिक्षणासाठीचं ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद होतंय. व्यावसायिक अभ्यासक्रमांना वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलरची मर्यादा आलीय. बेटावरच्या कॉलेजची फी, राहणं आणि विमानं धरली तर हा आकडा पुरणार नाही. वरची रक्कम खासगी कर्जाने किंवा आईवडिलांच्या घरावर उभी करावी लागेल. तो हिशोब आधी मांडा. भारतातून जाणाऱ्यांनी रुपयांत नव्हे, डॉलरमध्ये मांडा आणि चार वर्षांत रुपया घसरेल हे धरूनच चाला.

जाण्याआधी, बॅग भरताना

निर्णय झाला असेल तर आता प्रवासाचं बोलू. भारतातून साबाला जायचा सोयीचा मार्ग म्हणजे पॅरिस किंवा ॲमस्टरडॅममार्गे सेंट मार्टिन, आणि तिथून छोट्या विमानाने किंवा बोटीने साबा. अमेरिकेतून विमान बदलायचं असेल तर नुसतं विमानतळावर थांबण्यासाठीही अमेरिकन व्हिसा लागतो, आणि सामान तिथे उतरवून पुन्हा चढवावं लागतं. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून न्यू यॉर्कमार्गे काढलं आणि छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावरच बोर्डिंग नाकारलं गेलं, असं होऊ देऊ नका. वाटेतल्या प्रत्येक थांब्याचा व्हिसा वेगळा तपासा.

साबाची धावपट्टी ४०० मीटरची. जगात व्यापारी विमानं उतरतात त्या धावपट्ट्यांमध्ये ही सर्वांत आखूड समजली जाते. दोन्ही टोकांना कडा, खाली समुद्र. एकोणीस आसनांचं ट्विन ऑटर सेंट मार्टिनहून पंधराएक मिनिटांत तिथे उतरतं. वारा फिरला की उड्डाण रद्द. विमानाला वजनाची मर्यादा असते, त्यामुळे तुम्ही पोहोचता आणि बॅग दुसऱ्या दिवशी येते. म्हणून दोन कपडे, औषधं, लॅपटॉप आणि मूळ कागदपत्रं हातातल्या पिशवीत. सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवशी पोहोचायचं तिकीट कधीही काढू नये. परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी मुंबईचं विमान धरायचं, असंही नाही. मध्ये एक-दोन रिकामे दिवस ठेवा. छोट्या बेटावर राहण्याची जवळजवळ सगळी युक्ती यातच आहे. तिथे कशाचाच जादा साठा नसतो, ना विमानांचा, ना दुकानांचा, ना डॉक्टरांचा. जी काही शिल्लक ठेवायची ती तुमची तुम्हीच ठेवायची.

विमानतळापासून वर चढणारा वळणावळणाचा रस्ता पाहाल तेव्हा एका माणसाची आठवण ठेवा. डच इंजिनिअरांनी या डोंगरावर रस्ता होणारच नाही असं सांगितलं होतं. जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल नावाच्या साबाच्याच रहिवाशाने टपालाने इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम केला आणि १९३८ साली गावकऱ्यांना घेऊन काम सुरू केलं. १९४७ साली बेटावर पहिली जीप धावली. त्याआधी सामान डोक्यावरून, दगडी पायऱ्या चढून यायचं. आजही पायऱ्या आणि चढ पुष्कळ आहेत, म्हणून चपलांपेक्षा चांगली पकड असलेले बूट न्या. मुंबईकर तिथे पहिले पंधरा दिवस धापा टाकतात.

स्वयंपाकघराचं थोडं सविस्तर सांगते, कारण घरचं जेवण तुटलं की मराठी मुलांचा अभ्यासही हळूहळू तुटतो असं मला वाटतं. साबावर वीज ११० व्होल्टची, प्लग अमेरिकन पद्धतीचे. इथला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे नुसता कण्हतो. मिक्सर नेऊ नका. शिट्टीचा कुकर मात्र न्या, तीन लिटरचा, आणि त्याच्या दोन जादा रिंगा आणि एक जादा शिट्टी. रिंग गेली तर बेटावर मिळायची नाही. पोळपाट-लाटणं न्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. बहुतेक जण नेतात आणि दुसऱ्या महिन्यापासून भातावर राहतात. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, कोकम, पापड हे मूळ वेष्टनात किंवा नाव लिहिलेल्या बंद पाकिटात. ताजा कढीपत्ता, फळं, बियाणं नेऊ नये. अमेरिकेतून जात असाल तर खाण्याच्या वस्तू कस्टमच्या फॉर्मवर निमूट लिहा.

बेटावर बहुतेक किराणा बोटीने येतो. बोट आली की भाजीचे खण भरतात, आणि चार दिवसांनी तिथे मऊ पडलेले टोमॅटो आणि कांदे उरतात. समुद्र खवळला तर बोट येत नाही. म्हणून डाळ, तांदूळ आणि पोहे दोन आठवडे पुरतील इतके घरात असू द्या. डाळ आणि मसाल्यांसाठी सेंट मार्टिन. तिथल्या फिलिप्सबर्गच्या बाजारपेठेत कित्येक वर्षांपासून सिंधी व्यापाऱ्यांची दागिन्यांची आणि इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, आणि त्या वस्तीमुळे भारतीय किराणाही मिळतो. कुणीही विद्यार्थी तिकडे निघाला की बाकीच्यांच्या याद्या त्याच्या खिशात जातात. ही चाल तिथे पक्की आहे, तुम्हीही पाळा. ग्रेनाडात किंवा त्रिनिदादजवळच्या बेटांवर असाल तर रोटी आयती मिळेल. १८४५ साली त्रिनिदादला आणि १८५७ साली ग्रेनाडाला गिरमिटिये मजूर पोहोचले, त्यांच्याबरोबर ती गेली. तिथली ब्रेडफ्रूट ही आपल्या कोकणातल्या नीरफणसाची भाजी. तिला नावं ठेवू नका, स्वस्त असते आणि पोट भरते.

पाणी पावसाचं. छपरावरचं पाणी घराखालच्या टाकीत साठतं आणि तेच नळाला येतं. आंघोळ आटोपशीर करायची, पिण्यासाठी बाटलीबंद पाणी आणायचं. कोरडा हंगाम लांबला की टँकरचं पाणी विकत घ्यावं लागू शकतं. घरभाड्यात ते धरलंय का, हे करार करताना विचारा. टाक्या आल्या की डासही आले. चिकुनगुनिया अमेरिका खंडात स्थानिक पातळीवर पसरायला सुरुवात झाली ती डिसेंबर २०१३ मध्ये, शेजारच्या सेंट मार्टिनवरच. डेंग्यू तर आहेच. मच्छरदाणी न्या. ओलही भयंकर: चामड्याचे पट्टे, पुस्तकं यांना बुरशी धरते. कोकणातल्यांना हे सांगायला नको.

चष्मा वापरत असाल तर दोन न्या. दातांचं काही राहिलं असेल तर इथेच उरकून घ्या. रोजची औषधं तीन महिने पुरतील इतकी आणि प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत. साबावर छोटं रुग्णालय आहे. गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने दुसऱ्या बेटावर हलवतात. तुमच्या विम्यात हा हवाई खर्च येतो का, ते पॉलिसीच्या बारीक अक्षरांत शोधा. डॉक्टर होऊ निघालेली मुलं स्वतःच्या विम्याबाबत इतकी निष्काळजी कशी असतात, देव जाणे.

वादळ

१ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. सर्वांत धोक्याचे महिने ऑगस्ट ते ऑक्टोबर. २०१७च्या सप्टेंबरात इर्मा आणि मारिया ही दोन वादळं दोन आठवड्यांच्या आत आली. सेंट मार्टिनवरच्या अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ द कॅरिबियनने आपले विद्यार्थी इंग्लंडमधल्या प्रेस्टनला नेले. डॉमिनिकातलं रॉस विद्यापीठ आधी सेंट किट्सजवळ नांगरलेल्या जहाजावर भरलं, मग टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला गेलं आणि शेवटी बार्बाडोसला स्थिरावलं. डॉमिनिकात ते परत गेलंच नाही. तीच अमेरिकन युनिव्हर्सिटी माँटसेराटवरून हलली होती ती १९९५च्या ज्वालामुखीमुळे. आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये तर ग्रेनाडावर अमेरिकन फौजा उतरल्या, त्या कारवाईचं एक कारण म्हणून तिथल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांची सुरक्षितता सांगितली गेली होती.

हे घाबरवायला सांगत नाही. अशा वेळी कॉलेज काय करणार, हे प्रवेशाआधी विचारता येतं, म्हणून सांगते. विद्यार्थ्यांना बेटावरून हलवायची योजना आहे का, वर्ग कुठे भरतील, त्या काळाची फी काय, तिकिटाचा खर्च कुणाचा? स्वतःपुरतं एवढं करा: पासपोर्ट, व्हिसा, गुणपत्रकं, विमा यांच्या प्रती ऑनलाइन आणि एका जलरोधक पाकिटात; शंभर-दोनशे डॉलर सुट्ट्या नोटांत, कारण वीज गेली की एटीएमही जातं; टॉर्च, पॉवर बँक, पाणी. आणि घरच्यांना आधीच बजावून ठेवा की वादळानंतर दोन-तीन दिवस फोन लागला नाही तर लगेच दूतावास गाठायचा नाही.

अभ्यास आणि गाव

साबाला मूलभूत विषयांची पाच सत्रं आहेत, साधारण वीस महिने. सत्र पंधराएक आठवड्यांचं, दर काही आठवड्यांनी परीक्षा. आपल्याकडे एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला जे विषय वर्षभर चघळतात, ते इथे सत्रात संपतात. पहिले तीन आठवडे ज्याने ‘अजून रुळतोय’ म्हणत काढले, त्याची पहिली परीक्षा गेली म्हणून समजा. महाराष्ट्रातून आलेल्या हुशार मुलांना आणखी एक अडचण येते: त्यांना दहा गुणांचं उत्तर उत्तम लिहिता येतं. इथे उत्तर लिहायचंच नसतं. बासष्ट वर्षांची बाई, श्वास लागतोय, पाय सुजलेत, हे औषध चालू आहे. आता पेशीच्या पातळीवर काय बिघडलंय? पाच पर्याय, मिनिट-दीड मिनिट. स्टेप वनला असे सुमारे २८० प्रश्न एका दिवसात सोडवायचे असतात. त्यासाठी पाठांतर लागतंच, पण पहिल्या दिवसापासून प्रश्न सोडवत केलेलं. अँकी या फ्लॅशकार्ड ॲपची कार्डं रोज उरकायची. एक दिवस सुटला की दुसऱ्या दिवशी दुप्पट होतात. तयार संचांपैकी एकच निवडा. चार ॲप विकत घेणारे विद्यार्थी पुष्कळ पाहिले, त्यातलं एकही पूर्ण केलेला क्वचित.

अभ्यासाचा गट तीन-चार जणांचा असावा, आणि त्यात एक तरी मराठी किंवा भारतीय नसलेला असावा. आपली माणसं एकत्र आली की पहिला अर्धा तास जेवणाच्या गप्पांत जातो.

बेट छोटं असल्याने करमणूक मोजकी, आणि अभ्यासाला हे सोयीचंच. पण एकटेपणही त्यातूनच येतं. आठवड्यातून अर्धा दिवस पुस्तक बंद करून बाहेर पडा. माउंट सीनरीच्या हजाराहून अधिक पायऱ्या ढगांतल्या जंगलात नेतात. समुद्राखालचा भाग १९८७ पासून संरक्षित आहे, तिथे डायव्हिंग शिकता येतं. वाळूचा कायमचा किनारा साबाला नाही, माहितीपत्रकात काहीही दिसो. दुसऱ्या बेटांवर किनारे आहेत, तिथे मँचिनील नावाचं झाड ओळखायला शिका: हिरवी सफरचंदासारखी फळं, पण विषारी, आणि पावसात त्याखाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. ग्रेनाडा, बार्बाडोससारख्या देशांत लष्करी छापाचे कपडे घालणं सामान्य माणसाला कायद्याने मना आहे. ती कार्गो पँट घरीच ठेवा. तिथे वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात, साबा आणि सेंट मार्टिनवर उजवीकडून.

गावाशी वागण्याचा नियम सोपा. दुकानात शिरताना आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं, मग हवं ते मागायचं. न म्हणता मागितलं की तुम्ही उद्धट ठरता, आणि दोन हजारांच्या गावात उद्धटपणाची बातमी संध्याकाळपर्यंत घरमालकाच्या कानावर जाते. रस्त्यात अंगठा दाखवून लिफ्ट मागणं साबावर सर्रास चालतं. थांबणाऱ्याचं नाव विचारा, आपलं सांगा. डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी साबा डे असतो, त्या दिवशी गावात जा, खोलीत बसू नका. काहीशे विद्यार्थी येतात, दोन वर्षं राहतात आणि निघून जातात. गावाला त्याची सवय आहे. तरी आपल्याशी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला गाव लक्षात ठेवतं, आणि सत्राच्या मध्येच घर बदलायची वेळ आली तर हीच ओळख कामी येते.

घरच्यांसाठी एक सूचना. साबा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. तिथे रात्रीचे आठ म्हणजे इथे पहाटेचे साडेपाच. तिथे सकाळचे सात म्हणजे इथे दुपारचे साडेचार. दोघांनाही झेपेल अशी एकच वेळ आठवड्यातून दोनदा ठरवून घ्या. रोज फोन करून ‘पेपर कसा गेला’ विचारू नका. मुलगा रडला तर ऐकून घ्या. लगेच तिकीट काढू नका आणि लगेच उपदेशही करू नका. दोन परीक्षा लागोपाठ गेल्या आणि तो फोन टाळायला लागला, तर मात्र आकडे विचारायची वेळ आली.

बेटानंतरचं थोडक्यात. रोटेशनसाठी काही आठवड्यांनी शहर बदलतं, सामान दोन बॅगांत मावेल एवढंच ठेवा. भारतीय पासपोर्टवाल्यांना रोटेशनसाठी आणि मग रेसिडेन्सीसाठी वेगवेगळे व्हिसा लागतात. रेसिडेन्सीचा नेहमीचा जे-१ व्हिसा घेतला तर नंतर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट येते, ती माफ करून घ्यायला बहुतेक जण डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम पत्करतात. एच-१बीचा पर्याय होता, पण सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरच्या व्यक्तीसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला, त्यानंतर रुग्णालयं हात आखडता घेतात. म्हणजे मायदेशी परतायची अट, आणि मायदेशात परवाना मिळणं अवघड. भारतीय नागरिकाने ही कोंडी पहिल्याच दिवशी समजून घ्यावी.

आता जे कुणी सांगत नाही ते. काही मुलांना हे जमणार नाही, आणि ते पहिल्या दोन सत्रांतच दिसतं. नापास विषय पुन्हा करताना सत्राची फी पुन्हा भरावी लागते. इथले गुण दुसऱ्या कॉलेजात क्वचितच चालतात. त्यामुळे थांबायचं तर लवकर थांबणं परवडतं. किती विषय गेले किंवा कॉम्प किती वेळा गेली की थांबायचं, हे घरी बसून आधीच ठरवा आणि कागदावर लिहा, कारण बेटावर असताना ते ठरवता येत नाही. कॉलेजच्या नियमपुस्तकात प्रत्येक सत्राची फी परत मिळण्याची शेवटची तारीख दिलेली असते, बहुधा सत्र सुरू झाल्यावर काही आठवड्यांच्या आत. प्रवेश घेतल्याच्या दिवशीच ती तारीख मुलाच्या आणि वडिलांच्या, दोघांच्याही फोनमध्ये टाकून ठेवा.